पूजासाहित्य वगळून

१

खानझोड्यांच्या घरातून धुपाची एक पुडी नाहीशी झाली. ज्या घरातला तरणाताठा मुलगा नुकताच गेला, तिथं धुपाच्या पुडीचं कुणाला काय पडलंय! पण वसंत खानझोडे तेवढंच सांगायला भोपाळातल्या बाग सेवनियाहून अवधपुरीला आला, आणि मनोरमाताईंच्या फाटकाबाहेर चिखलात उभा राहिला.

"अरे, आत ये ना."

"नको ताई. सुतक आहे. इथूनच बोलतो."

"मला असलं काही चालत नाही, ठाऊक आहे तुला."

"मला चालतं," वसंत म्हणाला. त्याची दाढी वाढलेली होती आणि शर्टाची बटणं खाली-वर लागली होती. मग ताईच छत्री घेऊन फाटकाशी गेल्या. गुडघे कुरकुरले, त्यांना एक शिवी हासडून त्या उभ्या राहिल्या.

मनोरमा वैरागडे म्हणजे सरकारी औषध निरीक्षक म्हणून उभी हयात काढलेली बाई. लग्न केलं नाही, लाच खाल्ली नाही, आणि जिभेला लगाम कधी घातला नाही. निवृत्तीनंतर सरकारनं त्यांना एका समितीवर घेतलं होतं. बाजारात जी नवनवी रासायनिक नशेची पावडर येऊ लागली होती, तिच्यावर राज्यापुरता कायदा करायचा, त्याची ही समिती. वसंत विधी खात्यात मसुदे लिहिणारा, तेव्हा विधेयक त्याच्याच हातचं. दोघांची ओळख मात्र त्याच्या कितीतरी आधीची, मराठी मंडळाच्या गणपतीतली. वसंताची बायको कांचन तर ताईंना थोरली बहीणच मानायची.

"अनिकेत हार्टनं गेला नाही, ताई."

ताईंनी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून दिलं होतं, दुपारपर्यंत भदभद्याच्या घाटावर सगळं आटोपलंही होतं. तेव्हाच त्यांना खटकलं होतं. पण पोराच्या बापाला असं कसं विचारणार?

"मीच डॉक्टरच्या पाया पडलो. म्हटलं, चिरफाड नको, पेपरात नाव नको. विधेयक लिहिणाऱ्याचाच मुलगा नशेनं गेला, हे नको. टेबलावर पुडी पडली होती ताई, मी पाहिली. लाल कागद, वर समईचं चित्र आणि 'गुलाब धूप'. तेच ओढत होता तो, सिगरेटच्या कागदात भरून."

"धुपाच्या पुडीत?"

"कलम पाच," वसंत म्हणाला.

कलम पाच ताईंना पाठ होतं. समितीत त्यावरून त्या भांडल्या होत्या. विधेयकाच्या शेवटी बंदी घातलेल्या पावडरींची यादी होती. पण ही पावडर करणारे बिलंदर. कारखान्यात एखादा कण इकडचा तिकडे केला की पावडर नवी, नाव नवं आणि यादी जुनी. ताईंचं म्हणणं, नावं कसली मोजता, अख्खं कूळच बंद करा. ते कुणी ऐकलं नाही. वर धूपवाल्या व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ येऊन रडून गेलं, आणि पाचव्या कलमात तीन शब्द शिरले. पूजेचं सामान वगळून. म्हणजे धूप, उदबत्ती म्हणून जे विकलं जाईल त्याला हा कायदा हात लावणार नाही. ते शब्द वसंतानंच लिहिले होते, साहेबांनी सांगितले तसे.

"सचिवांना भेटलो काल," तो म्हणाला. "ते म्हणाले, धुपाच्या पुडीत नशा विकतात याचा पुरावा आणा, ओळ काढून टाकतो. सोमवारी विधेयक सभागृहात जातंय. माझ्याजवळ काय आहे, ताई? पोरगा जाळला मी. पुरावा जाळला. ती पुडी तेवढी होती."

"आणि ती गेली."

"मी डॉक्टरला फोन करायला बाहेर आलो. मग माणसं जमली, आंघोळ घातली, तिरडी बांधली. परत येऊन पाहतो तर टेबल रिकामं. ताई, मला माझ्या पोरासाठी आता एवढंच करता येण्यासारखं आहे. ती ओळ खोडायची. बाकी काही नाही."

"कांचनला काय माहीत?"

"तिला हार्टच सांगितलंय. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये, ताई. ती मरून जाईल."

ताईंनी मान हलवली. "त्या सकाळी बाहेरचं कोण आलं होतं?"

"माणसं जमायच्या आधी? डॉक्टर कुकडे आणि पिंटू, बस. दोघंही घरचेच," वसंत म्हणाला. "दोघांतल्याच एकानं नेलीय."

२

ताई त्याच दिवशी दुपारी खानझोड्यांकडे गेल्या.

दारात चपलांचा ढीग नव्हता. माणसं पहिल्या दोन दिवसांत येऊन रडून गेली होती. देवघरावर पडदा ओढलेला. सुतकात देवाला ना फूल, ना दिवा, ते बिचारे पडद्याआड उपाशी. स्वयंपाकघरही गार पडलेलं. शेजारच्या श्रीवास्तवबाईंकडून दोन्ही वेळचा डबा येई. सकाळचा डबा झाकण न काढता तसाच ओट्यावर पडला होता. गॅसच्या शेगडीवर मात्र एक अर्धवट जळालेली नारळाची करवंटी होती, आणि खाली काळी राख सांडलेली.

"ताई, या," कांचन म्हणाली. "बसा नं."

ताई मनात रडारडीची तयारी करून आल्या होत्या. पण कांचन रडली नाही. भिंतीला टेकून शांत बसली होती, इतकी शांत की ताईंनाच कसंसं झालं. डोळे लालबुंद. पण आई आहे, रडून लाल होणारच. घटाघटा पाणी पीत होती. तांब्या रिकामा झाला तशी उठली, भरून आणला, परत प्यायली.

"झोप येते का गं?"

"येते की. छान येते." मग थोडं जवळ सरकून हळूच म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते ताई. शेवटी शेवटी त्याला देवाचं वेड लागलं होतं. यांना नाही माहीत. जन्मात कधी देवापुढे हात जोडले नाहीत त्यानं, माझ्याशी भांडायचा, आणि बघा. जायच्या आधी मनातून वळला होता माझा मुलगा."

"बरं झालं हो," ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

अनिकेतची खोली मागच्या बाजूला. गादी उचललेली. तो जिथे गेला त्या जागी ताटात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवलेला, दक्षिणेकडे वात करून. शेजारी पाण्याचा पेला. खिडकी घट्ट लावलेली. आत शिरताच ताईंना वास आला. गुलाबाचा, गोडसर, आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी, जळक्या प्लास्टिकसारखं. बंद खोली, तेलाचा दिवा, पावसाळी दमट भिंती. ताईंनी नाकाला पदर लावला आणि टेबल पाहिलं, कप्पे पाहिले, गादीखाली पाहिलं. पुडी नव्हती.

निघताना कांचन दारापर्यंत आली. "दुपारीच येत जा, ताई. दिवेलागणीला नका येऊ. तेव्हा मी त्याच्यापाशी बसते, दार लावून. मला तेव्हा कुणी नको असतं."

"एकटी बसतेस?"

कांचन हसली. असं हसू ताईंनी पोटचं पोर गेलेल्या बाईच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"एकटी कुठली," ती म्हणाली.

३

डॉक्टर अभिजीत कुकडे दवाखान्यात एकटेच माश्या मारत बसले होते. ताईंना पाहिल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मी लिहिलं ते खोटं होतं, ताई. मान्य. वसंतानं पाय धरले. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"पोलिसांना फोन केला असता. आणि मग वसंताच्या गळ्यात पडून रडले असते. पुडीचं बोला."

"पाहिली मी. टेबलावर होती. धुपाची. पोराचे डोळे, तोंडाला आलेला फेस, मला कळायचं ते कळलं. पण पुडीला मी हात लावला नाही. कशाला लावू? मला तर ती पाहिलीच नव्हती असं करायचं होतं."

"तुमच्या डॉक्टरकीवर आलं असतं. पुडी पोलिसांच्या हाती लागली असती तर तुमचा दाखला खोटा ठरला असता."

"म्हणून मी ती नेली, असं म्हणता?" कुकडे चिडले. "नेली असती तर आज तुमच्या तोंडावर फेकली असती. तो पोरगा माझ्या हातावर वाढला हो! वसंतानंच कुठे टाकली असेल. आता अंगाशी आलं म्हणून शोधत सुटलाय."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. खोटं एकदाच बोलले होते, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर अजून दिसत होतं.

पिंटू सोनागिरीतल्या घाटोळ्यांचा. अनिकेतचा शाळेपासूनचा मित्र, नोकरीच्या शोधात दोघंही सारखेच. तो सरकारी कारखान्याच्या वसाहतीबाहेरच्या पुलियावर, नाल्याच्या कठड्यावर, बसला होता. ताई रिक्षातून उतरल्या तसा उठून पळायला लागला.

"पळ, पळ! मला काय, मी तुझ्या आईकडे जाते."

पिंटू थांबला. जवळ आला आणि तिथेच उकिडवा बसून हमसून रडायला लागला.

"काकू, मी नाही मारलं त्याला. कसम से. दोघं मिळूनच घेतो आम्ही. सगळेच घेतात. साहूच्या दुकानावर खुलेआम मिळायचं, धूप बोलके. त्या दिवशी नवा माल होता. मी नाही घेतला, मला सर्दी होती. बस इतकंच, काकू. सर्दी होती म्हणून मी जिता आहे."

ताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवायचा नव्हता, पण ठेवला गेला.

"वसंतकाकांनी सकाळी फोन केला तसा मी धावत गेलो. आणि साफ केलं सगळं. सिगरेटचे कागद, थोटकं, लायटर, सगळं खिशात भरलं. कांचनकाकूंना दिसू नये म्हणून."

"आणि पुडी?"

"नाही. ती ठेवली तिथेच."

"का रे? मुख्य तेच तर उचलायचं!"

पिंटूनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "धुपाचा पॅकेट होता, काकू. थोटकं पाहून कुणालाही शक येतो. धुपाचा पॅकेट पाहून कोणाला शक येणार? आपल्या घरात तर असतोच नं धूप. म्हणून सोडला."

रिक्षात बसल्यावर ताईंना वाटलं, आपण कुठेतरी मूर्खासारखं चुकतोय. वसंताला पुडी हवी आहे. डॉक्टरला ती पाहायचीही नाही. पिंटूनं ती जाणूनबुजून सोडली. तिघांनाही आत काय आहे ते माहीत, आणि तिघांपैकी कुणीही ती उचललेली नाही. मग पुडीला काय पाय फुटले?

४

साहूचं दुकान बाग सेवनियाच्या वळणावर होतं. पान, किराणा, पूजेचं सामान, मोबाइलचं रिचार्ज. ताईंनी चेहरा साधाभोळा केला आणि गुलाब धूप मागितला.

साहूनं समईचं चित्र असलेली लाल पुडी पुढे केली. अगदी सहज. त्यांनी पुडी तिथेच फोडून नाकाशी नेली. शेण, राळ, गुलाबाचं अत्तर. निव्वळ धूप.

"यही है? लड़के लोग जो ले जाते थे, वो वाली?"

साहूचे डोळे क्षणभर बारीक झाले. "कौन से लड़के, बहनजी? अपने यहाँ तो बस पूजा का सामान है।"

म्हणजे पोरगा गेल्याचं कळताच यानं माल उचलून लपवला होता, आणि त्याच वेष्टनात खरा धूप मांडून बसला होता. विधेयक पास होऊन धूळ बसेपर्यंत तो दुसरं काही विकणार नव्हता. आता साऱ्या भोपाळात खरी पुडी एकच, ती अनिकेतच्या टेबलावरची.

ताई पैसे देऊन वळल्या. तेवढ्यात साहू मागून म्हणाला, अगदी शेजारधर्मानं, "बहनजी, खानझोडे जी के यहाँ से आ रही हैं ना? वहाँ के लिए मत ले जाइए। सूतक में धूप थोड़ी जलती है। भगवान तो पर्दे में हैं।"

ताई पायरीवरच थांबल्या.

देव पडद्याआड. घरात ना पूजा ना आरती. मग त्या खोलीत गुलाबाचा वास कुठून आला? स्वयंपाक बंद, डबा शेजारचा, मग शेगडीवर करवंटी कुणी जाळली, आणि तिचा निखारा कुठे गेला? लाल डोळे. तहान. रात्री छान लागणारी झोप. 'जायच्या आधी मनातून वळला होता माझा मुलगा.' अगं बाई, तुला कसं कळलं तो वळला होता ते?

चोर पुडी लपवायला आला होता असं सगळे धरून चालले होते. पण लपवायचं त्यांना, ज्यांना आतलं माहीत. वर तर चक्क लिहिलं होतं, धूप. त्या घरात एकच माणूस असं होतं, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या माणसाला मेलेल्या मुलाच्या टेबलावर धुपाची पुडी दिसली, तर त्याला काय वाटेल?

दिवेलागण होत आली होती. ताईंनी रिक्षाला हात केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, जल्दी चलो, हाथ जोड़ती हूँ।"

५

मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. वसंत पुढच्या खोलीत होता, तो दचकून उठला. ताईंनी त्याला बाजूला सारलं आणि दार खांद्यानं ढकललं. जुनी कडी होती, निघाली.

खोली धुरानं भरली होती. पिठावरच्या दिव्याशेजारी पितळी धुपाटणं, त्यात लाल निखारा, आणि समोर मांडी घालून कांचन. तिचं तोंड कोपऱ्याकडे होतं. ती कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेशी बोलत होती, आणि मधूनमधून थांबून ऐकतही होती.

ताईंनी आधी खिडकी उघडली. मग पेल्यातलं पाणी निखाऱ्यावर ओतलं. चर्र झालं तसं कांचननं वळून पाहिलं.

"काय केलंत हो हे! गेला नं तो!"

"पुडी कुठेय, कांचन?"

ती पदराआडच होती. लाल, चुरगळलेली, तळाशी चिमूटभर उरलेली. ताईंनी हात पुढे केला. कांचननं पुडी छातीशी धरली.

"माझ्या मुलानं आणलाय हा धूप. शेवटी देवाला म्हणून आणला त्यानं. देव बंद आहेत, म्हणून मी त्याच्याच दिव्याला दाखवते. यात काय चुकलं माझं? धूप लावला की येतो तो, ताई. खरंच येतो. बोलतो. तुम्ही नका म्हणू भास. मी आई आहे त्याची."

वसंत दारात उभा होता. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मग एकदम आलं, आणि तो चौकट धरून खाली बसला. आठवडाभर हा वास त्याच्या नाकात जात होता. त्याला वाटत होतं, बायका काहीतरी जाळत असतात.

"सांग तिला," ताई म्हणाल्या.

"मी नाही सांगू शकत."

"तू नाही सांगितलंस म्हणून हे झालंय, वसंता! तू, तो डॉक्टर, ते पोरगं. तिघांनी मिळून हिला जपलंत, आणि जपून जपून हिच्या हातात विष दिलंत!"

वसंतानं मान फिरवली. मग ताईंनीच सांगितलं. कांचनच्या पुढ्यात बसून, तिचे दोन्ही हात धरून. पुडीत काय आहे, अनिकेत ते कुठून आणून कसं घ्यायचा, कशानं गेला. तो देवाकडे वळला नव्हता, हेही सांगावं लागलं. त्या जागी दुसरं कुणी असतं तर निदान तेवढं तरी गाळलं असतं. ताईंना गाळता आलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस त्याचा त्यांना पश्चात्ताप झाला.

कांचन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पुडीकडे पाहिलं.

"हे दिलं तर काय होईल?"

"ती ओळ खोडतील," वसंत म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या घरी हे जाणार नाही, कांचन. मी शब्द देतो तुला."

"आणि माझ्याकडे तो परत येणार नाही."

खिडकीतून गार वारा आला, दिवा फडफडला. कांचननं सवयीनं त्याला हाताचा आडोसा केला. मग दुसऱ्या हातानं पुडी ताईंच्या ओंजळीत ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या रात्री ती पहिल्यांदा रडली. श्रीवास्तवबाईंच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

६

प्रयोगशाळेनं तातडीनं काम केलं, खोटं कशाला बोला. रविवारी अहवाल आला. पावडर नवीच होती, यादीत नसलेली. वसंत सुतकातच, अधिवेशनामुळे उघड्या असलेल्या कचेरीत गेला आणि सचिवांच्या टेबलावर अहवाल आणि पुडीचा फोटो ठेवला.

सचिव भला माणूस होता. त्यानं वसंताचं सांत्वन केलं, चहा मागवला, अहवाल पूर्ण वाचला. पावडरचं नाव यादीच्या शेवटी तिथल्या तिथे जोडून घेतलं.

"और धारा पाँच, सर?"

"देखिए खानझोडे जी, श्रावण सिर पर है। आज वो लाइन हटाएँ, तो कल अख़बार में आएगा कि सरकार ने धूप-अगरबत्ती पर रोक लगा दी। अगले सत्र में अमेंडमेंट ले आएँगे। आप ही ड्राफ़्ट कर लीजिएगा।"

सोमवारी विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. बाकं वाजली. मंत्री म्हणाले, या राज्यातल्या मातांचे अश्रू आता पुसले जातील. वसंत अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून सगळं ऐकत होता. त्यानं लिहिलेली ओळ जागच्या जागी होती, स्वल्पविरामासकट.

तेरावं झालं. माणसं गोड जेवून गेली, देवघरावरचा पडदा निघाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई संध्याकाळच्या वेळी खानझोड्यांकडे गेल्या. फाटकातच त्यांना वास आला. या वेळी चंदनाचा होता. त्याच्याखालचा मात्र तोच.

वसंत पुढच्या खोलीत अंधारात बसला होता. त्यानं दिवाही लावला नव्हता.

"वसंता, अरे आत काय चाललंय?"

"माहीत आहे."

"आणि तू बसून राहिलास?"

"काय करू? पोलिसांत जाऊ? कोणत्या कलमाखाली, ताई? तुम्ही सांगा. मसुदा तुम्हालाही पाठ आहे." तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "पहिल्या दिवशी मी पुडी फेकून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी आणली. मी हात धरला, तर म्हणाली, मग तुम्हीच घेऊन या त्याला."

ताई मागच्या खोलीत गेल्या. गादी घातलेली नव्हती. तेराव्याला उचलायचा दिवा अजून पिठावरच होता, पीठ मात्र आता काळपट पडलेलं. कांचन धुपाटण्यात फुंकर घालत होती. गाल बसले होते, ओठ कोरडे पडून चिरले होते. बाजूला पिवळी पुडी, वर समईचं चित्र.

"साहूकडून आणलीस?"

"हो. म्हणाला, बहनजी, ये वाली नई है, इस पर कोई रोक नहीं। पक्कं बिल पण दिलंय."

"कांचन, यानंच मारलं गं त्याला. तुला सांगितलं नं मी सगळं? तू मरशील."

"मग?" कांचन म्हणाली. रागानं नाही. खरंच तिला पुढचं काही सुचत नव्हतं, म्हणून विचारल्यासारखं.

ताईंनी खिडकी उघडली. कांचन उठली, तिनं ती बंद केली. ताईंनी पुन्हा उघडली. कांचननं पुन्हा बंद केली, आणि ताईंचा हात धरून, घरी आलेल्या थोरल्या बहिणीला पोचवावं तसं त्यांना हळूच दाराबाहेर आणून सोडलं.

कडी नवी बसवलेली होती. ती आतून लागली.

साऱ्या नोकरीत ताईंनी किती दुकानांना सील ठोकलं, किती गोदामं फोडली, त्याचा त्यांना अभिमान होता. आज त्या एका बंद दारापुढे उभ्या राहिल्या आणि दार ठोठावायलाही त्यांचा हात उठला नाही. पुढच्या खोलीत वसंत मान खाली घालून बसला होता. वासावरून दोघांनाही कळलं, की पावडर निखाऱ्यावर पडली आहे.

मग आतून कांचनचा आवाज आला, आनंदानं भरलेला.

"आलास? ये, बैस. जेवलास का रे?"